काकणाचा वाटा

"साफ केलेला बांगडा पाण्यात टाकला, तर बुडेल की तरंगेल?"

सातवीच्या वर्गात टेबलावर पाण्याची बादली ठेवून मी विचारलं. बाजूला केळीच्या पानावर चार बांगडे होते. वर्गात तेरा मुलं, त्यातली अकरा गाबितांची. जन्मल्यापासून मासे हाताळणारी.

"बुडतलो," उज्ज्वला मेथर म्हणाली. सगळे तिला उजू म्हणत.

"कशावरून?"

"पोट काढलेलो असा. आत वारो खंय रवलो?"

"गुरुजी, बुडवून नास कित्याक करतास?" मागच्या बाकावरून दिगू ओरडला. "माका द्या. आई तिखला करतली. अर्धो तुमका."

वर्ग हसला, मीही हसलो. बांगडा बादलीत सोडला. तो तळाशी गेला.

"आता हाच बांगडा तरंगला पाहिजे. काय कराल?"

मुलं विचार करू लागली. कुणी म्हणालं, दोरीने लाकूड बांधू. कुणी म्हणालं, पोटात रिकामी बाटली घालू. मी काहीच बोललो नाही. उत्तर मुलांच्या तोंडून यायला हवं, त्याला वेळ लागला तरी थांबायचं, ही माझी शिकवण्याची पद्धत. टेबलाच्या खणात गणपतीच्या मखरातून उरलेला थर्माकोल मी सकाळीच आणून ठेवला होता. तरी मी थांबलो. शेवटी दिगूच म्हणाला, "मखराचो थर्माकोल घालूया!" मी खण उघडला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

दिगूचा हात सफाईदार होता. त्याने थर्माकोल बोटांनी कुस्करून बांगड्याच्या पोटात ठासला आणि वरून कातडी नीट मिटवली. बांगडा पाण्यावर आडवा तरंगू लागला. मी फळ्यावर 'घनता' हा शब्द लिहिला. तो तास चांगला झाला. इतका चांगला तास माझ्या नोकरीत फार थोड्या वेळा झाला असेल.

वेळणेबंदरच्या शाळेत तेव्हा मला सहावं वर्ष होतं. मी घाटावरचा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो या नोकरीमुळे. पण इथे आल्यावर मला पक्ष्यांच्या फोटोंचा नाद लागला. कॅमेरा जुना, वापरलेला, लेन्स हाताने फिरवून जुळवायची. गावात मला सगळ्यात ओढ होती काकणाची. काकण म्हणजे पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड. पंख पसरले की पुरुषभर उंचीपेक्षाही मोठा दिसतो. पाण्यावर तिरका येतो, पाय पुढे करतो आणि मासा उचलून निघून जातो. तो एक क्षण मला हवा होता. पुण्यातल्या एका निसर्गमंडळाची राज्यपातळीवरची स्पर्धा होती. फोटो पाठवायची मुदत फेब्रुवारीअखेर. आधीच्या दोन वर्षी माझ्या फोटोत नुसती शेपटी आली होती.

काकणाच्या जोडीचं घरटं मेथरांच्या घरामागच्या रायवळ आंब्यावर होतं. त्यात एक पिल्लू होतं. डिसेंबरच्या शेवटी ते अंड्यातून बाहेर आलं तेव्हापासून उजू त्याची वही ठेवत होती. चार रकाने मीच आखून दिले होते: तारीख, वेळ, काय पाहिलं, निष्कर्ष. शेवटच्या रकान्याबद्दल माझी सक्त ताकीद होती. "निष्कर्ष घाईने लिहायचा नाही. खात्री नसेल तर रकाना रिकामा सोडायचा आणि मला विचारायचं. माहीत नसलेलं माहीत आहे असं म्हणणं, ही विज्ञानातली चोरी."

पिल्लू अडीच महिन्यांत उडतं, असं मी सांगितल्यापासून उजू दिवस मोजत होती.

आणि गावात एक रीत होती. उजूचा आजा आत्माराम रापणीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीतून ते अर्धगोल टाकायचं आणि दोन्ही बाजूंच्या दोऱ्या माणसांनी वाळूत उभं राहून ओढायच्या. जो दोरीला हात लावेल त्याला मासळीचा वाटा, मग तो वाटसरू का असेना. त्यात काकणाचाही वाटा असे. मासळीचा थवा कुठे आहे ते आत्माराम काकणाच्या घिरट्यांवरून ओळखायचा. म्हणून जाळं काठाला लागलं की पहिला बांगडा उचलून हात उंच करायचा आणि हाळी द्यायचा, "ये रे, घे तुझो वाटो!" आणि बांगडा पाण्यात भिरकावायचा. सुरूच्या शेंड्यावर बसलेला काकण यायचा.

पण तिथे माझा फोटो होत नसे. मागे माणसं, दोऱ्या, होडी. शिवाय बांगडा लगेच बुडायचा, नाहीतर घारी न्यायच्या. मला फक्त पक्षी आणि पाणी हवं होतं. खाडीच्या तोंडाशी खडकांच्या आत एक शांत डबकं होतं. सकाळचं ऊन बरोबर तिथे पडायचं. तिथे बांगडा तरंगत राहिला, तर लेन्स आधीच जुळवून ठेवता येणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उजू आणि दिगूला घेऊन तिथे गेलो. दिगूने बांगडा भरून पाण्यात सोडला. काकण समोरच्या सुरूवर होता. तो बघत होता, पण हलला नाही.

"उजू, आजोबांसारखी हाळी दे."

तिने मान हलवली.

"काय झालं?"

"आजो रापणीबगर देणा नाय तेका. आणि..." ती पाण्याकडे बघत म्हणाली, "गुरुजी, तो थर्माकोल खायत मगे?"

मला याबद्दल काहीही माहीत नव्हतं. मी म्हणालो, "नाही गं. तो चोचीने मांस तोडून खातो. नको ते टाकून देतो. पक्षी आपल्यापेक्षा हुशार असतात."

"खरा?"

"मी सांगतोय ना."

तेवढं तिला पुरलं. ती खडकावर चढली, हात उंच केला आणि आजाचा सूर धरून ओरडली, "ये रे, घे तुझो वाटो!"

काकण आला. मी इतका गोंधळलो की बटण उशिरा दाबलं. त्याने बांगडा उचलला आणि थेट आंब्याकडे गेला.

"घरट्यात नेल्यान!" उजू आनंदाने ओरडली. "पोराक नेल्यान! गुरुजी, वेळ सांगा, वेळ!"

"सात चाळीस," मी घड्याळ बघून सांगितलं. तिने वहीत लिहिलं.

असं आम्ही नऊ सकाळी केलं. कधी दोन बांगडे, कधी तीन. दिगू भरायचा, उजू हाळी द्यायची, मी खडकाआड बसायचो. नवव्या दिवशी सगळं जुळून आलं. काकण उन्हात आला, पाय पुढे, नखं पाण्यात, शिंतोडे उडालेले, आणि मी बटण दाबलं तेव्हाच मला कळलं की हा फोटो आला. मी दिगूला उचलून गरकन फिरवलं. पस्तिशी उलटलेला माणूस, पण त्या दिवशी खडकावर नाचलो. रोल त्याच दुपारी कोल्हापूरला धुवायला पाठवून दिला.

चार दिवसांनी शाळा भरायच्या आधीच उजू धावत आली.

"गुरुजी, पोर खाली पडला."

आंब्याखाली माणसं जमली होती. पिल्लू सुक्या पानांच्या पातेऱ्यात पडलं होतं, एक पंख उलटा. तपकिरी, जवळजवळ आईएवढं झालेलं. मेलं होतं. वर फांदीवर दोन्ही काकण बसले होते आणि मधूनच बदकासारखे कर्कश ओरडत होते. आत्माराम मुळावर बसला होता. त्याचं लक्ष जमिनीकडे होतं.

"एकसष्ट दिवस," उजू म्हणाली. "पंधरा रवले होते."

मी उकिडवा बसलो. पिल्लाच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी टम्म फुगली होती. अंग मात्र काटकुळं, छातीचं हाड वर आलेलं. मी त्या पिशवीवर अंगठा ठेवला आणि दाबला. आत काहीतरी करकरलं.

थर्माकोल दाबला की होतो तो आवाज वर्गातल्या प्रत्येक मुलाला माहीत होता. पण तो इतका हळू झाला, की माझ्याशिवाय कुणाला ऐकू गेला नसावा.

"गुरुजी, पोट उघडून बघूया." उजू घरातून मासे कापायची सुरी घेऊन आली होती. तिचे डोळे सुजलेले होते, पण हात स्थिर होता. "तुमी बेडूक उघडून दाखयलास, तसा. कशान मेला ता कळात."

असंच करायला मी तिला सहा वर्षं शिकवलं होतं. कळत नसेल तर उघडून बघ.

"नको," मी म्हणालो.

"कित्याक?"

"रोग असेल काही. कुणी हात लावू नका. पुरून टाकूया."

"मग तुमी हात लावलास तो?"

"उजू, नको म्हटलं ना!" माझा आवाज चढला. मुलं दचकली. मी वर्गात कधी ओरडत नसे.

आत्माराम उठला. "रोग नाय तो, गुरुजी," तो म्हणाला. "चार दिसांआधी मी ह्या आंब्याबुडी पातेरो पेटवलंय. ओलो होतो, लय धूर झालो. सगळो वर गेलो. सून म्हणा होती, आज नको, पोर असा वर. मीच आयकलंय नाय." तो माझ्याजवळ आला. सत्तरीचा माणूस, हाताचे पंजे दोरीने घट्टे पडलेले. "तुमी शिकलेले. तुमीच सांगा. धुरान मरता?"

सगळे माझ्याकडे बघत होते. उजूच्या हातात सुरी तशीच होती.

"असेल," मी म्हणालो. "धुराने होतं कधीकधी असं."

आत्मारामने मान हलवली. त्याने खांद्यावरचा पंचा काढला, त्यात पिल्लू गुंडाळलं आणि परसात स्वतः खड्डा खणला.

पुढच्या रापणीला मी किनाऱ्यावर गेलो. त्याला सांगायचं असं ठरवूनच गेलो होतो. वाक्यसुद्धा जुळवलं होतं. गेल्यावर माणसं म्हणाली, "गुरुजी, लावा हात," म्हणून दोरीला हात लावला. तासभर ओढली. जाळं आलं, मासळी चांगली होती. आत्मारामने पहिला बांगडा काकणाला टाकला. मग वाटे पडले. स्वतःचा वाटा त्याने टोपलीत घेतला, गुडघाभर पाण्यात गेला आणि एकेक बांगडा फेकू लागला. घारी तुटून पडल्या. टोपली रिकामी झाली.

"तांडेल, ह्या काय?" कुणीतरी विचारलं.

"तेचा पोर माझ्या हातान गेला," तो म्हणाला. "माझो वाटो आता तेचो."

"किती दिवस देतलास?"

"बघूया."

मी त्याच्याजवळ गेलो. "आत्मारामदादा..."

"गुरुजी, तुमचो वाटो घेतलास?" त्याने विचारलं आणि माझ्या पिशवीत डोकावलं. "इतकोच? ए, गुरुजींका आणखी दोन बांगडे घाला रे. पोरांका शिकवतत ते."

ते बांगडे घेऊन मी घरी आलो. रात्री त्यांचं कालवण केलं आणि जेवलो.

मार्चमध्ये फोटो धुऊन आला. मुदतीत पोचावा म्हणून कोल्हापूरच्या दुकानदाराला मी आधीच पत्त्याचं पाकीट देऊन ठेवलं होतं, म्हणून एक प्रत परस्पर पुण्याला गेली होती. ती थांबवायला एक तार पुरली असती. एप्रिलमध्ये पत्र आलं, पहिलं बक्षीस. परीक्षकांनी लिहिलं होतं, पाण्याच्या थेंबांचे पांढरे ठिपके माशाच्या पोटाखाली फार सुंदर टिपले आहेत.

ते थेंब नव्हते.

शाळेत छोटा सत्कार झाला. सरपंचांनी नारळ दिला. फोटो मोठा करून कचेरीत लावला. आत्मारामही आला होता. फोटोसमोर तो बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "हो बापूस तेचो. बरो इलो हा." बस एवढंच.

वार्षिक परीक्षेबरोबर प्रयोगवह्या तपासायला आल्या. उजूची वही मी सगळ्यात शेवटी उघडली. नऊ सकाळींच्या नोंदी होत्या, वेळेसकट. 'बांगडा घरट्यात नेला' असं नऊ वेळा. मग पिल्लू पडल्याची नोंद. त्यानंतर दुसऱ्या दिवसाची एक नोंद, सकाळी सहाची. 'काय पाहिलं' या रकान्यात तिने शब्द लिहिले नव्हते. तिथे डिंकाने पांढरे मणी चिकटवले होते. थर्माकोलचे बारीक मणी, थोडे पिवळट झालेले, धुऊन स्वच्छ केलेले. मी मोजले नाहीत. पुष्कळ होते.

पुढे निष्कर्षाचा रकाना रिकामा होता.

मी लाल पेनाचं टोपण काढलं. मग खाली लिहिलं, 'निरीक्षण उत्तम. १०/१०.' आणि सही केली.

वह्या परत द्यायच्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली. वही उभ्या उभ्याच उघडली, थेट शेवटच्या पानावर. वाचलं.

"गुरुजी, एक रकानो रवलो."

मी दुसऱ्या वह्यांची चळत सरळ करत होतो. "राहू दे. मोठी झालीस की भर."

"माका कळलेला असा," ती म्हणाली. "तुमी भरशात म्हणान सोडलंय."

ती थोडा वेळ उभी राहिली. मला उत्तरासाठी थांबायची सवय होती. मुलांनी बोलावं म्हणून मी दोन-दोन मिनिटं वर्ग शांत ठेवत असे. ती तशीच माझ्यासाठी थांबली होती. मग तिने वही मिटून टेबलावर ठेवली आणि गेली. वही नेली नाही.

जूनमध्ये मी बदली मागून घेतली. कॅमेरा विकून टाकला.

त्यानंतर एकवीस वर्षांनी, निवृत्तीच्या कागदांवर एक सही हवी होती म्हणून मी वेळणेबंदरच्या तालुक्याला गेलो होतो. परतताना स्टँडवर एका दाढीवाल्या माणसाने वाकून पायाला हात लावला.

"ओळखल्यास? तिखल्याचो बांगडो!"

"दिगू!"

तो बाकावर शेजारी बसला. आता त्याची स्वतःची आंब्याची बाग होती. दोन मुलं. सगळ्यांची खबर त्याने दिली. आत्माराम जाऊन दहा वर्षं झाली होती.

"शेवटपर्यंत वाटो देय होतो आजो," दिगू म्हणाला. "घरात सगळे भांडले, आयकल्यान नाय. शेवटी शेवटी डोळ्यांनी दिसा नाय होता, तरी वर बघून टाकी. काकण असो नायतर नसो."

मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होतो.

"आणि गुरुजी, तुमी सांगलास तेवापासून आमच्या गावात कोण झाडाबुडी पातेरो पेटवणा नाय. शाळेतल्या भिंतीवर पण लिवला हा. नवे मास्तर पोरांका शिकवतत, धुरान पक्ष्यांची पोरा मरतत. तुमचाच नाव सांगतत."

"सगळेच पाळतात?"

"सगळे. एक उजू सोडून." तो हसला. "ती आजाच्या घराक रवता आता. आंब्याबुडी भर दिवसा पातेरो जाळता. बायका बोलतत तिका, काय गो, आजाक इसारलंस? ती कायएक बोलणा नाय. एकदा मीच रागान इचारलंय. तर म्हणता, धुराचा काय ता गुरुजींका इचार."

फलाटावर माझी एस.टी. येऊन लागली. वाहक दार धरून गावांची नावं ओरडू लागला.

"म्हणान इचारतंय," दिगू म्हणाला. "धुरान मरतत ना, गुरुजी?"

मी उठलो नाही. गाडी भरली, घंटी वाजली आणि गेली.

"दिगू," मी म्हणालो, "साफ केलेला बांगडा पाण्यात टाकला, तर बुडतो की तरंगतो?"

तो मोठ्याने हसला. "ह्या काय गुरुजी! बुडतलो."

"आणि तो तरंगावा म्हणून आपण काय केलं होतं?"

मी थांबलो. तो माझ्याकडे बघत होता, मग स्वतःच्या हातांकडे. त्याचं हसू हळूहळू गेलं.